स्त्रीमुक्ती, श्राविका आणि समाजाची नोंदवही
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द मराठी माणसाच्या कानी पडला तो प्रामुख्याने 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षापासून. मोर्चे, परिषदा आणि वृत्तपत्रांतील चर्चा यांतून तो रूढ झाला आणि अनेक घरांत थोड्या संशयानेच ऐकला गेला. परंतु हाच प्रश्न जैन दर्शनात हजार वर्षांहून अधिक काळ चर्चिला गेला आहे. नवव्या शतकात शाकटायनाने ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ लिहून स्त्रीदेहाने मोक्ष मिळू शकतो, हा पक्ष तर्काने मांडला. पुढे प्रभाचंद्रासारख्या दिगंबर आचार्यांनी त्याचे तितक्याच तर्कशुद्ध रीतीने खंडन केले. श्वेतांबर परंपरा एकोणिसाव्या तीर्थंकर मल्लींना स्त्री मानते, तर दिगंबर परंपरा तसे मानत नाही. या वादाचा निवाडा करणे हा येथील विषय नव्हे.

दोन्ही परंपरांना एक गोष्ट मात्र निर्विवाद मान्य आहे. संघ हा चतुर्विध आहे. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका ही त्याची चार अंगे असून त्यांपैकी दोन स्त्रियांची आहेत. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या संघाची गणना दिली आहे. त्यात साधू 14 हजार, तर आर्या चंदनेच्या नेतृत्वाखालील साध्वी 36 हजार आहेत. श्रावक 1 लाख 59 हजार आणि श्राविका 3 लाख 18 हजार आहेत. ज्या काळी स्त्रियांची मोजणी करण्याचे कोणाला कारणही वाटत नव्हते, त्या काळाच्या स्मृतीत हे आकडे जपले गेले, ही लहान गोष्ट नाही.

समाज व्यापारी आहे, म्हणून व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर जी रक्कम वहीत नोंदली गेली नाही, तिचा हिशेब पुढच्या पिढीला लागत नाही. स्त्रियांच्या कर्तृत्वाचेही असेच आहे. जेथे नोंद झाली तेथे ते टिकले.

आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रसूरी हे प्रथम विद्वत्तेचा अभिमान बाळगणारे ब्राह्मण पंडित होते. याकिनी महत्तरा या साध्वीच्या मुखातील गाथेचा अर्थ त्यांना लागला नाही आणि तेथून त्यांच्या जीवनाला वळण मिळाले, असे परंपरा सांगते. या महान आचार्यांनी पुढे स्वतःला ‘याकिनी महत्तरेचा पुत्र’ म्हणवून घेतले. सन 906 मध्ये सिद्धर्षींनी ‘उपमितिभवप्रपंचकथा’ हा विशाल ग्रंथ पूर्ण केला. त्याची पहिली प्रत गणा नावाच्या साध्वीने लिहिली. ग्रंथाच्या अखेरीस सिद्धर्षींनी तिचे नाव घेऊन तिला श्रुतदेवतेची उपमा दिली आहे. त्या एका उल्लेखामुळेच हजार वर्षांपूर्वीची ती लेखिका आज ज्ञात आहे. ग्रंथभांडारांतील इतर किती प्रती स्त्रियांच्या हातच्या असतील, याचा हिशेब लागणे कठीण आहे.

दहाव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातील अत्तिमब्बे ही सेनापतीची पत्नी तरुणपणी विधवा झाली. मुद्रणकला नसलेल्या त्या काळी तिने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या 1000 प्रती तयार करवून वाटल्या. रन्न कवीने सन 993 मध्ये ‘अजितपुराण’ रचले ते तिच्याच आश्रयाने. गदग जिल्ह्यातील लक्कुंडी येथील जिनालय हे तिच्या धर्मकार्याचे आजही उभे असलेले साक्षीदार आहे. ‘दानचिंतामणी’ ही तिची पदवी. कवीने ग्रंथात आणि शिल्पकाराने शिळेवर तिचे नाव कोरले, म्हणून ते उरले.

आधुनिक काळात वैधव्य म्हणजे घराचा कोपरा, अशी स्थिती असताना दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी स्वतःच्या वैधव्याचे दुःख मागे सारून मुंबईत श्राविकाश्रम उभारला. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना तेथे अक्षरज्ञान मिळाले आणि स्वाभिमानाने जगण्याचा मार्गही. सोलापुरात हेच कार्य पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी वाढविले. 1965 मध्ये त्यांनी ‘षट्खंडागम’ या सिद्धांतग्रंथाचे संपादन केले. जो ग्रंथ शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर बंद होता, त्याच्या संपादिका म्हणून एका स्त्रीचे नाव मुखपृष्ठावर यावे, यात एका युगाचे अंतर सामावले आहे.

सार्वजनिक जीवनात अहमदाबादच्या अनसूया साराभाई यांचे स्मरण कापडाच्या व्यवसायातील प्रत्येकाने ठेवावे. जैन गिरणीमालक घराण्यातील ही कन्या. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे प्राण्यांचे विच्छेदन करावे लागते हे कळताच अहिंसेच्या संस्कारामुळे त्यांनी तो मार्ग सोडला. मात्र सेवेचा मार्ग त्यांनी सोडला नाही. 1918 च्या गिरणी संपात त्या कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या, तेव्हा समोर मालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे बंधू अंबालाल होते. संप संपला, मजुरांना 35 टक्के वाढ मिळाली आणि बंधुभगिनींचा स्नेहही अबाधित राहिला. अनेकान्त ग्रंथात वाचणे वेगळे आणि घरात आचरणे वेगळे.

पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या साध्वी चंदनाजी यांना 1987 मध्ये उपाध्याय अमरमुनींनी आचार्यपद दिले. राजगीरच्या वीरायतनातून त्यांनी नेत्रचिकित्सा आणि शिक्षण यांचे जे कार्य उभे केले, त्यासाठी 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आचार्यपदासाठी स्त्री अपात्र ठरली नाही. मग विश्वस्तपदासाठी ती का ठरावी?

हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या मंडपात विचारणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु बहुतेक धार्मिक ट्रस्टांचे चित्र सारखेच आहे. व्याख्यानास निम्म्याहून अधिक उपस्थिती भगिनींची असते. अठ्ठाई आणि वर्षीतप करणाऱ्यांत त्या अधिक, पाठशाळेत मुलांना नवकार आणि प्रतिक्रमण शिकविणाऱ्या त्याच. विश्वस्तांची यादी मात्र बहुधा पुरुषांची. देणगीच्या संगमरवरी फलकावर स्त्रीचे नाव येते ते ‘मातुःश्रींच्या स्मरणार्थ’, म्हणजे ती गेल्यानंतर. 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा स्त्रीला विश्वस्त होण्यास मनाई करीत नाही. आडकाठी आहे ती सवयीची. ज्या समाजाच्या कन्या आज चार्टर्ड अकाउंटंट होऊन मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासतात, त्या समाजाने मंदिराच्या भांडाराचा हिशेब त्यांच्या हाती देण्यास कचरावे, हे न्यायाला धरून नाही.

म्हणून या महोत्सवी वर्षात तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, विश्वस्त मंडळात भगिनींना स्थान मिळावे, तेही शोभेपुरते नव्हे, तर मताच्या अधिकारासह. दुसरी, गेल्या 50 वर्षांत पाठशाळा, भोजनशाळा आणि वैयावच्च यांत झिजलेल्या श्राविकांची नावे ज्येष्ठांना विचारून वर्षासह नोंदविली जावीत. ज्यांना ती आठवतात अशी माणसे अजून आहेत. दहा वर्षांनी ती असतीलच असे नाही. तिसरी, प्राकृत आणि आगमांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलींना ट्रस्टने दरवर्षी शिष्यवृत्ती द्यावी.

सिद्धर्षींनी एका साध्वीचे नाव ग्रंथाच्या शेवटी लिहिले, त्यासाठी त्यांना एक श्लोक पुरला. शताब्दीच्या स्मरणिकेत या ट्रस्टच्या श्राविकांची नावे सापडावीत अशी इच्छा असेल, तर ती लिहून ठेवण्याचे काम याच वर्षी सुरू व्हावे.

जय जिनेंद्र.