हवाई सैनिकांच्या खुणा

आमच्या बिबवेवाडीत युद्धाची खूण म्हणून दाखवावी अशी एकही जागा नाही. इथे किल्ला नाही, छावणी नाही. एके काळी हे पुण्याच्या दक्षिणेचे शेतामळ्यांचे गाव होते. आज मार्केट यार्डाच्या ट्रकांचा आवाज ऐकत झोपणारे उपनगर झाले आहे. विमाने उतरतात ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लोहगावी. तरीही माझ्या टेबलाच्या खणात लाल कापडाची एक वीतभर पट्टी आहे, आणि ती १९७१ च्या युद्धातली आहे. आज जे सांगणार आहे, ते तिच्यामुळेच.

मी इतिहास शिकवतो. तेव्हा जुन्या वस्तूंचा नाद आलाच. २०२१ च्या डिसेंबरात त्या युद्धाला पन्नास वर्षे झाली, म्हणून आम्ही महाविद्यालयात एक लहानसे प्रदर्शन भरवले. शेजारच्या इमारतीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. सगळे त्यांना काकाच म्हणत. मी त्यांच्याकडे गेलो, तो मनात वैमानिक, पदके आणि पाडलेली विमाने घेऊन. काका वैमानिक नव्हते, फिटर होते. माझा थोडा हिरमोड झाला, हे कबूल करतो. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक होते, एक सामुदायिक छायाचित्र होते आणि तळाशी ही पट्टी होती. पदके मी हावरेपणाने उचलली. पट्टी आपली जागा भरायला घेतली आणि तिच्याखाली चिठ्ठी लावली : ‘युद्धकाळातील इशाऱ्याचे निशाण.’

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून प्रदर्शन पाहायला आले. पदकांपाशी थांबले नाहीत, पट्टीपाशी थांबले.

“सर, हे निशाण नव्हे,” ते म्हणाले. “उभ्या विमानाच्या चाकांना, शस्त्रांना, वैमानिकाच्या आसनाला पिना लावलेल्या असतात. भलत्या वेळी काही सुटू नये म्हणून. पीन विसरली जाऊ नये म्हणून तिला ही लाल पट्टी बांधायची. निघायच्या आधी आम्ही पिना काढायच्या आणि वर धरून वैमानिकाला दाखवायच्या. त्यानं बघितल्या, की हात करायचा आणि निघायचं. विमान परत आलं, की त्याच पिना पुन्हा जागच्या जागी.”

जरा थांबून म्हणाले, “त्या सकाळी त्या माझ्या हातातच राहिल्या. पिना भांडारात जमा केल्या. ही पट्टी फाटलेली होती, ती कुणी मागितली नाही.”

त्यांनी वैमानिकाचे नावही सांगितले. भोवती मुलांचा गलका होता. मी म्हटले, “काका, हे सगळं नीट लिहून घ्यायला हवं. एवढ्या परीक्षा उरकू द्या, मग निवांत बसू.”

उत्तरपत्रिका तपासून होण्याआधीच काका गेले. पुढे काकूंनीच ती पट्टी माझ्या हाती ठेवली. पदकाच्या कडेवर काकांचा क्रमांक आहे. त्यावरून त्यांची नोकरी कळेल. पण ती सकाळ कळणार नाही. नाव माझ्या कानांवर पडले होते. मी ते लिहून घेतले नाही.

तुम्ही म्हणाल, एका नावाने असे काय बिघडते? तर ऐका. ७ सप्टेंबर १९६५ रोजी आपल्या मिस्टेअर विमानांनी पाकिस्तानातील सरगोधा तळावर हल्ला केला. स्क्वॉड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. त्यांचे काय झाले, हे आपल्या बाजूच्या कोणी पाहिले नव्हते. १९७९ साली जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे पाकिस्तानी हवाई दलावरील पुस्तक निघाले. एका मिस्टेअरने आपल्याहून कितीतरी वेगवान अशा स्टारफायटरशी झुंज देऊन ते पाडले, हे त्यावरून उघड झाले. इकडच्या माणसांनी तो धागा धरला, दिवस आणि विमाने पडताळली, आणि १९८८ साली देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. तेवीस वर्षांनी! तेही कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवले होते म्हणून.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी नावाचे. फ्लाईट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ रोजी मोहिमेवर गेले ते परतले नाहीत. त्याच डिसेंबरात पाकिस्तानातील एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली. तिच्यात त्यांच्या नावाशी जुळणारे एक नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या. त्या बातमीचा आधार धरून त्यांनी पुढे कित्येक वर्षे शोध चालवला. वर्तमानपत्राचा एक तुकडा. रद्दीवाल्याच्या तराजूत त्याचे वजन किती भरणार? पण एका घराची आशा त्यावर उभी होती.

पुण्याला हे निराळे सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे घरोघर दप्तरे धुंडाळीत हिंडले, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड निघाला, तेव्हा पानिपतच्या काळातील माणसे त्यांच्याच पत्रांतून बोलू लागली. त्या पत्रांचे मोल कागदाचे नव्हते. कोणी, कोणाला, कोठून, कोणत्या दिवशी लिहिले, याचे होते. पेशवाईचा रुमाल आपण कपाळाला लावतो. आणि आजोबांच्या हवाई दलातील कागदांना मात्र घर बदलताना वाट दाखवतो.

त्यातही वैमानिकाचे काहीतरी उरते. त्याच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा क्रमांक आणि कामगिरी लिहिलेली असते. जमिनीवरच्या माणसाचे काय? १ एप्रिल १९३३ रोजी आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा मूठभर अधिकाऱ्यांबरोबर एकोणीस ‘हवाई सिपाही’ होते. पहिल्या अधिकाऱ्यांची नावे पुस्तकांत सापडतात. त्या एकोणिसांची किती जणांना ठाऊक आहेत?

म्हणून माझ्या चुकीतून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. वस्तू मागण्याआधी माणसाचे ऐकावे, आणि ऐकता ऐकताच लिहावे. नाव, क्रमांक, काम, तुकडी, तळ, साल एवढे तरी त्याच दिवशी कागदावर यावे. छायाचित्रातील माणसे डावीकडून उजवीकडे विचारून घ्यावीत, आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. पदके चिंच लावून घासू नयेत. चकाकीबरोबर कडेवरची अक्षरेही झिजतात. जुन्या पत्रांना प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये. ते पुन्हा निघत नाही. आणि मूळ वस्तू शक्यतो त्या घरातच राहू द्यावी. पानापानाचे छायाचित्र घ्यावे आणि वही परत करावी. म्हाताऱ्या माणसाला भिडेला पाडून त्याचा डबा रिकामा करणे, ह्याला संग्रह म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणत्याही शहाणपणाने लांबवता येत नाही. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. तो तुमच्या जिन्यात भेटत असेल, सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतताना दिसत असेल. बहुधा तो आपणहून काही सांगणार नाही. फार तर म्हणेल, “मी काय केलं? विमानं तर त्यांनी उडवली.” तेव्हा खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, “तुमच्या हातात काय होतं?”

माझ्याजवळच्या पट्टीची चिठ्ठी मी बदलली आहे. ती काय आहे, कोणी जपली, कशी उरली, हे सारे आता तिच्यावर लिहिले आहे. वैमानिकाच्या नावाची जागा तेवढी कोरी आहे. तुमच्या घरातील चिठ्ठीवर ती कोरी राहू नये, एवढेच आज सांगावयाचे होते.