घसा दुखतो, तोंड येते : दुर्लक्ष कोठे नको?

(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनी करतो. परंतु तोंड आले की "उष्णता झाली" आणि घसा दुखला की "थंड प्यायला असशील" असे म्हणून आपण घरोघरी विषय संपवितो. पुष्कळदा दोष जंतूंचा असतो, आणि सर्व जंतूंना एकच औषध चालत नाही. एवढेच आज सांगावयाचे आहे.

घसा दुखण्याचे नेहमीचे कारण म्हणजे विषाणू. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो आणि साधारण आठवड्यात बरे वाटते. अशा वेळी अँटिबायोटिक गोळ्यांचा उपयोग नसतो. विश्रांती आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात. कॉक्सॅकी गटातील विषाणूंमुळे लहान मुलांच्या तोंडात फोड येतात, तळहात-तळपायांवर पुरळ उठते. तेही बहुधा आपोआप बरे होते. हर्पीसचा विषाणू मात्र एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंत दडून राहतो व ताप आला की ओठावर पुन्हा फोड आणतो. बाळाच्या जिभेवरचा, पुसूनही सहज न निघणारा पांढरा थर बहुधा कँडिडा या बुरशीचा असतो.

आता दुर्लक्ष नको, ते कोठे? स्ट्रेप्टोकोकस नावाचा जीवाणू मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना गाठतो. एकाएकी घसा दुखतो, ताप चढतो, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, गळ्याच्या गाठी दुखतात. खोकला मात्र बहुधा नसतो. घसा बरा होतो, पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून संधिवाताचा ताप येतो. जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते आणि झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. दाटीवाटीच्या वस्तीत हा जंतू लवकर पसरतो, म्हणून ही गोष्ट आपल्या घरांची आहे. १९२८ साली फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलिन यावर आजही गुणकारी आहे. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील, तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या कपाटात ठेवू नका.

दुसरा शत्रू घटसर्प. घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो. त्याची लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते. बाळपणीच्या मात्रांनंतर ५-६, १० आणि १६ व्या वर्षीची टोचणी चुकवू नका.

आणखी एक गोष्ट. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण जंतूंचा नसूही शकतो. विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी तो ताबडतोब दाखवावा.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर धाकट्या भावंडांचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. एवढे केलेत तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.