परदेशी प्रशिक्षक आणि मुलींचा आवाज

(‘स्त्रिया आणि खेळ’ या विषयावरच्या कार्यकर्ता-शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या सत्रात एकीनं विचारलं, भारताच्या मुलींच्या हॉकी संघाला शिकवायला हॉलंडहून माणूस कशाला आणावा लागतो? आपल्याकडे हॉकी शिकवणारं कुणीच नाही का? प्रश्न रास्त आहे. दर ऑलिंपिकच्या आधी आणि नंतर वर्तमानपत्रांत तो येतो, आणि मग देशी चांगला की परदेशी चांगला अशी कुस्ती लागते. त्या कुस्तीत मला आज पडायचं नाही. प्रशिक्षक कुणी नेमला, नेमताना मुलींना काही विचारलं का, आणि त्याच्याशी पटलं नाही किंवा त्याच्यापासून त्रास झाला तर मुलींनी जायचं कुणाकडे, याबद्दल मला बोलायचंय. आपण बाकीच्या सगळ्या क्षेत्रांत हे प्रश्न विचारतो. खेळाच्या मैदानाशी आलो की थबकतो.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण तो हॉकी खेळणाऱ्या मुलींनाही माहीत नसतो. १९७४ साली फ्रान्समध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात आपला संघ चौथा आला होता. १९८० साली मॉस्कोला बायकांची हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तिथंही आपण चौथे. बहिष्कारामुळे सहाच संघ होते हे खरं, पण चौथे आलो हेही खरं. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत बायकांची हॉकी पहिल्यांदा खेळली गेली आणि सुवर्णपदक आपल्याला मिळालं. त्या संघाची कर्णधार होती एलिझा नेल्सन, आपल्या पुण्याची. ‘परदेशी आल्याशिवाय आपल्या बायकांना काही जमत नाही’ असं कुणी म्हणालं तर एवढं सांगायला विसरू नका.

पण त्यानंतर काय झालं? मॉस्कोनंतर भारताच्या बायका ऑलिंपिकमध्ये खेळल्या त्या थेट २०१६ साली, रिओला. मधे छत्तीस वर्षं. या काळात खेळ गवतावरून कृत्रिम मैदानावर गेला होता. त्या मैदानावर चेंडू सरळ आणि वेगात जातो, म्हणून सगळी भिस्त पळण्याच्या ताकदीवर येते. अशी मैदानं महाग. आपल्याकडे ती मोजकी होती, आणि जी होती त्यांवर पहिला हक्क कुणाचा हे तुम्हाला सांगायला नको. खेड्यातली मुलगी मातीवर शिकायची आणि निवड झाली की एकदम टर्फवर उभी राहायची. हे अंतर एकट्या प्रशिक्षकानं भरून निघणारं नव्हतं.

तरी अधूनमधून मोठी कामगिरी झालीच. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल खेळांत आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं, देशी प्रशिक्षकांच्या हाताखाली. त्यावर बेतलेला सिनेमा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सिनेमातला नायक मात्र प्रशिक्षक आहे, हे लक्षात घ्या. मुली जिंकतात, पण गोष्ट त्याच्या अपमानाची आणि त्याच्या परतफेडीची.

आता परदेशी प्रशिक्षकांकडे येते. २०१२ साली ऑस्ट्रेलियाचे नील हॉगूड आले. पुढे मथायस अहरेन्स आले, त्यांच्या काळात २०१५ साली बेल्जियममध्ये मुलींनी जपानला हरवून पाचवा क्रमांक मिळवला आणि रिओचं दार उघडलं. रिओला पुन्हा हॉगूड होते, आणि आपण शेवटचे, बारावे आलो. २०१७ च्या सुरुवातीला हॉलंडचे शोर्ड मरिन मुलींचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जे घडलं ते जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळी गोष्ट त्यात आहे.

पुरुषांच्या संघाचे डच प्रशिक्षक रोलंट ओल्टमन्स यांना काढून टाकलं. पुरुषांचा संघ रिकामा कसा ठेवायचा? म्हणून मुलींना सहा-सात महिने शिकवत असलेल्या मरिनना उचलून पुरुषांकडे दिलं आणि मुलींकडे हरेंद्र सिंग यांना आणलं. हरेंद्र सिंग यांच्या हाताखाली मुलींनी त्याच वर्षी जपानमध्ये चीनला हरवून आशिया चषक जिंकला. २०१८ च्या राष्ट्रकुल खेळांत पुरुषांना पदक मिळालं नाही. मग काय, अदलाबदल! मे २०१८ मध्ये हरेंद्र सिंग पुरुषांकडे आणि मरिन परत मुलींकडे. आठ महिन्यांत मुलींचा प्रशिक्षक दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा कारण पुरुषांच्या संघाची गरज. घरात पाहुणे आले की मुलीची खोली रिकामी करून देतात, तसा हा प्रकार. त्यावर क्रीडा पानांवर चर्चा झाली ती ‘हा निर्णय पुरुषांच्या संघाला मानवेल का’ अशी. मुलींना काय वाटलं हे निर्णयाआधी कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

मरिन यांचं काम वाईट होतं असं मी म्हणत नाही. उलट, परत आल्यावर त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या वेन लोम्बार्ड यांनी मुलींच्या शरीराच्या तयारीवर जे काम केलं ते टोकियोत सगळ्यांनी पाहिलं. २०२१ च्या त्या ऑलिंपिकमध्ये पहिले तिन्ही सामने हरलेला संघ पुढे आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेला हरवतो, आणि २ ऑगस्टला गुरजित कौरच्या एका गोलावर ऑस्ट्रेलियाला बाहेर काढतो! अर्जेंटिनाकडून आणि नंतर कांस्यपदकासाठी ब्रिटनकडून हरलो, तरी चौथे आलो. मॉस्कोनंतर पुन्हा चौथे. याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करणाऱ्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर, उपांत्य सामना हरल्यावर, जातीवरून शिवीगाळ झाली. प्रशिक्षक कुठल्याही देशाचा असो, मुलगी घरी परतते ती याच गावात.

परदेशी माणसाचा एक फायदा मात्र मला मान्य करावा लागतो. तो राज्या-राज्यांच्या, रेल्वे-पोलिसांच्या, जातीपातीच्या गटांतला नसतो. अमुक अकादमीची मुलगी म्हणून त्याला तिचं कौतुक नसतं आणि आकसही नसतो. झारखंडची, मिझोरामची, हरियाणाची, ओडिशाची मुलगी त्याच्यापुढे निदान सुरुवातीला एका रांगेत उभी असते. पण भाषेचं काय? मिझोरामची लालरेमसियामी संघात आली तेव्हा तिला ना हिंदी येत होती ना इंग्रजी. अशा मुलीपर्यंत प्रशिक्षकाचं बोलणं पोचतं ते दुसऱ्या खेळाडूच्या तोंडून. आणि तिचं बोलणं प्रशिक्षकापर्यंत? ते पोचतं की नाही हे मधे उभ्या असणाऱ्या माणसावर अवलंबून. आपल्यापैकी ज्यांनी आदिवासी भागात दवाखान्यात बायकांबरोबर दुभाषी म्हणून काम केलंय त्यांना याचा अर्थ चांगला कळेल.

टोकियोनंतर मरिन गेले आणि यानेके शॉपमन मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या स्वतः २००८ साली बीजिंगला हॉलंडकडून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या. २०२० पासून त्या मरिन यांच्या हाताखाली आपल्याच संघात काम करत होत्या. त्यांच्या काळात राष्ट्रकुल खेळांत आणि आशियाई खेळांत कांस्य मिळालं, पण जानेवारी २०२४ मध्ये रांचीला पॅरिस ऑलिंपिकची पात्रता हुकली. पुढच्याच महिन्यात राउरकेलाला अमेरिकेविरुद्धचा सामना जिंकल्यावर बाई पत्रकारांसमोर रडल्या. म्हणाल्या, इथं माझ्या मताला किंमत दिली जात नाही. पुरुषांच्या संघाच्या प्रशिक्षकांना कसं वागवतात आणि मला कसं, मुलांच्या संघाला कसं आणि मुलींच्या संघाला कसं, हा फरक मी पाहते आहे. हे फार अवघड गेलं. हॉकी इंडियाने भेदभावाचा आरोप मान्य केला नाही. आठवड्याच्या आत त्यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात हॉकी इंडियात तेरा वर्षं काम केलेल्या मुख्य कार्यकारी अधिकारी एलेना नॉर्मन, त्याही परदेशी, पद सोडून गेल्या.

काही जण म्हणाले, हरल्यावर सुचलं का हे? असेल. पण आपल्याकडे तक्रार करणाऱ्या बाईला वेळ कधी बरोबर साधता आलीय? जिंकल्यावर बोलली तर माजली, हरल्यावर बोलली तर बहाणा. मला वेगळीच गोष्ट खुपते. शॉपमन बोलू शकल्या कारण त्यांच्याकडे परतीचं तिकीट होतं. ज्या मुलींबद्दल त्या बोलत होत्या, त्यांतली कुणी तेव्हा बोलली नाही. बोलणार कशी? तिची नोकरी रेल्वेत, खेळाडूंच्या जागेवर मिळालेली. निवड संघटनेच्या हातात. घरी त्या पगारावर पाच-सात माणसं. एकदा शिबिरातून नाव कापलं की परत बोलावणं येईल याची खात्री नाही.

बोलल्या नाहीत असं मात्र नाही. जानेवारी २०१० मध्ये पुण्याला बालेवाडीत पुरुष खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सराव बंद केला, तेव्हा देशभर गाजलं आणि तोडगा निघाला. त्याच सुमाराला भोपाळच्या शिबिरातल्या मुलींनीही आपल्या पैशांचा प्रश्न पुढे आणला होता, हे किती जणींना आठवतं? आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महिला संघातल्या एका खेळाडूने मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. त्यांनी आरोप नाकारला, पण पद सोडलं. ते भारतीय होते, म्हणून मी देशी प्रशिक्षकांवर घसरणार नाही. विशाखा निकाल १९९७ चा. १३ वर्षं उलटून गेली होती, तरी तक्रार कुठं करायची आणि चौकशी कुणी करायची हे नव्यानं ठरवण्यात वेळ जात होता. २०१३ साली कायदा झाला. त्यानंतरही, कुस्तीगीर मुली २०२३ साली जंतरमंतरवर बसल्या तेव्हा उघड झालं की देशातल्या कितीतरी क्रीडा संघटनांत कायद्याप्रमाणे तक्रार समितीच नाही.

परदेशी प्रशिक्षक याबाबतीत आपोआप सुरक्षित असतो, असंही समजू नका. २०२२ साली मरिन यांचं पुस्तक यायच्या वेळी त्यात आपली खाजगी वैद्यकीय माहिती येईल म्हणून संघातल्या एका खेळाडूला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि न्यायालयाने ती माहिती छापायला मनाई केली. प्रशिक्षकाला खेळाडूचं वजन, दुखणी, औषधं, पाळी, सगळं माहीत असतं. ते त्याला कामासाठी लागतं, कबूल. पण ते कुणाच्या मालकीचं? त्याबद्दल करारात काय लिहिलेलं असतं? मला यात शॉपमनबाईंच्या अश्रूंइतकाच महत्त्वाचा मुद्दा दिसतो, पण त्यावर आपल्या एकाही व्यासपीठावर चर्चा झाली नाही.

‘संघटनेच्या वर बाई बसवा म्हणजे सुटेल’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. पूर्वी बायकांच्या हॉकीची संघटना वेगळी होती. पुढे पुरुषांची आणि बायकांची मिळून एकच हॉकी इंडिया झाली. २०१० साली तिच्या अध्यक्षपदाची निवडणूक विद्या स्टोक्स यांनी जिंकली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, परगट सिंग यांच्यासारख्या माजी कर्णधाराला हरवून. २०१७ साली अदलाबदल झाली तेव्हाही अध्यक्षपदी बाईच होत्या. तरीही मुलींची खोली रिकामी झालीच. म्हणून मला एका खुर्चीपेक्षा नियमांत जास्त रस आहे.

२०२५ साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झालाय. त्याप्रमाणे क्रीडा संघटनेच्या कार्यकारी समितीत किमान चार स्त्रिया हव्यात, खेळाडूंचे प्रतिनिधी हवेत, खेळाडूंच्या सुरक्षेचं धोरण हवं. कागदावर चांगलं आहे. तो कागद उघडून बघायला कुणी गेलं नाही, तर त्या चार स्त्रिया कुणाच्या तरी वहिन्या आणि मेहुण्या असतील. पंचायतीत आपण हे पाहिलंय, आणि तिथं टिकून राहून बायकांनी ते बदललेलंही पाहिलंय.

शॉपमन यांच्यानंतर हरेंद्र सिंग परत आले होते. त्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये राजीनामा दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा शोर्ड मरिन यांची नेमणूक झाली. म्हणजे त्याच मुलींपुढे तिसऱ्यांदा तेच. मुलींना ते आवडतही असतील, खेळाला चांगलंही असेल. ज्यांच्या पुस्तकावरून एका खेळाडूला कोर्टात जावं लागलं, त्यांना परत आणताना नव्या करारात खेळाडूंच्या खाजगी माहितीबद्दल काय लिहिलं, हे विचारायला हवं ना?

आपल्या साताऱ्याच्या फलटण भागातून गेल्या काही वर्षांत मुली राष्ट्रीय संघापर्यंत गेल्या आहेत. वैष्णवी फाळके हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या मागे आणखी किती तरी मुली सकाळी उठून स्टिक घेऊन धावतात. त्यांच्या आयांशी आपल्या गटांचा रोजचा संबंध आहे. तेव्हा काम खालूनही सुरू करता येईल. जिल्हा संघटनेत तक्रार समिती आहे का, तिच्यावर बाहेरची सदस्य कोण आहे, मुलींच्या शिबिराला रात्री बाई व्यवस्थापक असते का, याची चौकशी आपण पत्र लिहून करू शकतो. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात काही मिळतं का ते बघू.

वरच्या पातळीसाठी दुपारच्या ठरावात मला तीन गोष्टी घालायच्या आहेत. महिला संघाचा प्रशिक्षक, देशी असो वा परदेशी, मुदतीच्या मधे पुरुषांच्या संघासाठी उचलता येणार नाही. त्याच्या करारात खेळाडूंच्या खाजगी माहितीचं आणि छळाच्या तक्रारीचं कलम असेल, आणि ते खेळाडूंना त्यांच्या भाषेत समजावून दिलं जाईल. आणि नेमणुकीआधी खेळाडूंचं मत गुप्तपणे घेतलं जाईल. तिसऱ्या मागणीवर आपल्यातच मतभेद होतील, ‘मुली आपल्याला सोयीचा प्रशिक्षक मागतील’ असं म्हटलं जाईल. तो वाद जरूर घालू. कच्चा मसुदा मी लिहून आणलाय. चहानंतर वाचून दाखवते, तुम्ही त्यात खाडाखोड करा.