जोंगा: इंजिन बदलावं की आहे तेच सुधारावं?

मी जबलपूरचा. रांझीच्या बाजूला माझं गॅरेज आहे. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं, "काका, मूळ इंजिनावर खर्च करू, की काढून दुसरं टाकू?" या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं ते आज सांगतो. उदाहरण आमच्याच गावच्या गाडीचं घेतो.

जोंगा हे नाव जपानी वाटतं, पण ते जबलपूरचं आहे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या शब्दांतून ते आलं. गाडी मूळची निसानची 'पॅट्रोल'. 1969 मध्ये आमच्याकडं व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि पुढं तीसेक वर्षं लष्करासाठी जोंगा तिथं तयार होत राहिल्या. बॉनेटखाली सहा सिलिंडरचं, 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन. ताकद भरपूर आणि तहानही भरपूर. लिटरला चार-पाच किलोमीटर. इथून नागपूर साधारण 270 किलोमीटर, म्हणजे एका फेरीच्या जाण्यालाच पन्नासेक लिटर! म्हणून लिलावात जोंगा घेतलेले कितीतरी लोक पहिलं काम काय करतात, तर डिझेल इंजिन टाकतात.

मागच्या वर्षी एक मुलगा अशीच जोंगा टोचन करून घेऊन आला. वडील फॅक्टरीतून निवृत्त झालेले, गाडी त्यांनी हौसेनं घेतलेली. वडील गेले, गाडी दोन वर्षं अंगणात उभी. बहीण म्हणते, भंगारात दे. एका मिस्त्रीनं सांगितलेलं, "इंजिन मेलंय, डिझेल टाकून देतो." मुलगा पैसे मोजायलाही तयार. मी म्हटलं, आधी तीन गोष्टी बघू.

पहिली गोष्ट, गाडी चालणार किती? तो म्हणाला, महिन्याला दोनशे किलोमीटर, फार तर बरगी धरणापर्यंत. आता हिशेब करा. पेट्रोल 105 रुपये, डिझेल 90 रुपये धरू. पेट्रोलवर पाचचं ॲव्हरेज, म्हणजे 40 लिटर, 4200 रुपये. डिझेलवर दहाचं धरलं तर 20 लिटर, 1800 रुपये. वाचले महिन्याला 2400. इंजिन बदलायला समजा दीड लाख जास्त लागले, तर ते भरून निघायला पाच वर्षं. महिन्याला हजार किलोमीटर चालवणार असाल तर हेच पैसे वर्षभरात निघतात. पण मग मी सांगेन, जोंगाचं इंजिन बदलू नका, रोजच्या कामाला दुसरी गाडी घ्या.

दुसरी गोष्ट, इंजिन खरंच मेलंय का? हे कानानं ठरवायचं नसतं, मोजायचं असतं. इंजिन गरम करून सहाही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं. या गाडीत चार सिलिंडर 120 च्या आसपास, तिसरा आणि चौथा 70 वर. त्या दोघांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. आकडा वाढला असता तर रिंगा किंवा बोअर गेलेत असं समजायचं. वाढला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर पहिला संशय हेड गॅस्केटवर. हेड उतरवलं, गॅस्केट त्या दोघांच्या मधोमध जळालेलं. मेलेलं इंजिन ते एवढंच!

तिसरी गोष्ट, कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. अपघात झाला आणि विमावाल्यानं इंजिन नंबर ताडून पाहिला, तर घरचे अडकतात. आणखी एक. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण इंजिन, चॅसी, बॉडीत मोठा बदल केलेला नसेल तरच.

काहीजण म्हणतात, "अहो, फॅक्टरीनंच पुढं हिनोचं डिझेल इंजिन घालून जोंगा काढली होती!" खरं आहे. पण ते काम फॅक्टरीनं केलं होतं. गॅरेजात इंजिन बदललं की माउंटिंग बदलतं, क्लच बदलतो, गिअरबॉक्स जुळवायला प्लेट लागते. डिझेल कमी आरपीएमवर चालतं, म्हणून जुन्या गिअरवर वेग खाली येतो. पुढचा भार वाढला तर पाटे बघा. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असेल तर पेट्रोल इंजिन तो व्हॅक्यूम आपोआप देतं, डिझेलला वेगळा पंप लागतो. तो विसरलात तर ब्रेक फार जड होतो आणि उतारावर गाडी थांबवणं अवघड जातं.

मग आम्ही काय केलं? हेडला फेसिंग केलं, नवं गॅस्केट घातलं. देशात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसंविरहित पेट्रोल आलं, जुन्या मऊ व्हॉल्व्ह सीट त्यावर झिजतात. म्हणून कडक सीट बसवल्या. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं. म्हणून फ्यूएल पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदलला. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावलं, रेडिएटरला नवा कोअर टाकला. ॲव्हरेज पाचच्या पुढं गेलं नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. पण गाडी पहिल्या सेल्फला उठते, आणि भंगाराचा विषय घरात निघत नाही.

ब्लॉक फुटला असेल, क्रँक हाताबाहेर गेला असेल, तर इंजिन बदलावंच लागतं. तेव्हाही शक्यतो त्याच बनावटीचं, त्याच इंधनाचं शोधा आणि आधी मंजुरी घ्या. नाहीतर क्रम लक्षात ठेवा. आधी वापर, मग कॉम्प्रेशन, मग कागद. हे तिन्ही झाल्याशिवाय इंजिनाच्या बोल्टला पाना लावू देऊ नका.