झिऱ्याचाही दावा करा
(साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील गावांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज बाया बैठकीला उशिरा आल्या, त्यांच्यावर कोणी रागावू नका. झिऱ्यावर नंबर लावून, वाटीवाटीनं हंडा भरून त्या आल्या आहेत. म्हणून आज पाण्याचंच बोलू.

आपण जमिनीसाठी लढलो. 2006 चा वनहक्क कायदा आला. आपण प्लॉटचे दावे भरले, मोजणी केली, जुन्या दंडाच्या पावत्या शोधून जोडल्या. पण ज्या झिऱ्याचं पाणी पितो, तो आपल्या एकाही कागदात नाही. प्लॉट ज्याचा त्याचा, झिरा सगळ्यांचा. म्हणून तो लिहायचं कोणालाच सुचलं नाही. ही चूक आपलीच आहे.

कायद्याचा नियम 13 काय म्हणतो? सामूहिक दाव्याला माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याच्या जागा, मासे धरायच्या जागा पुरावा म्हणून चालतात. म्हणजे आपल्या आज्यानं खोदलेला झिरा आपल्या बाजूनं साक्ष देतो! त्याला म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब जोडा. झाले दोन पुरावे.

कलम 5 प्रमाणे पाण्याच्या जागा आणि त्यांच्या वरचं पाणलोट राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. जंगलात लहान तळं किंवा पाइपलाइन पाहिजे असेल, तर कलम 3(2) दाखवा. जागा एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे.

पण नुसत्या कागदानं पाणी येत नाही. खाली पांझरा नदीकाठी जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्यात पाणी किती, ते बघून कोणत्या फडात काय पेरायचं हे सगळे मिळून ठरवतात. पाणी कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी. आपल्याच तालुक्यात बारीपाड्यानं कुऱ्हाडबंदी केली, मोडेल त्याला दंड लावला, श्रमदानानं नाल्यात बांध घातले. तिथं जंगलही वाढलं, पाणीही वाढलं. आपणही ठराव करू: आधी पिणं, मग गुरं, मग शेत. झिऱ्याच्या वरचं झाड तोडायचं नाही. झिऱ्यावर कोणी मोटर लावायची नाही, पुढाऱ्यानं बी नाही.

आता काम सांगतो. पाऊस पडायच्या आत शिवारफेरी काढा. मे महिन्यात ज्याला पाणी आहे तोच खरा झिरा. बायांना पुढं ठेवा, प्रत्येक झिरा त्यांना माहीत आहे. त्याचं नाव लिहा, किती घरं पाणी भरतात ते लिहा, नकाशावर खूण करा. दोन गावांचा असेल तर दोन्ही गावांनी बसून लिहा, भांडू नका. ग्रामसभेत ठराव घ्या, सामूहिक दाव्याचा नमुना भरा, आणि पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका.

प्लॉट मिळाला आणि झिरा गेला, तर त्या प्लॉटवर राहणार कोण?

जमीन आपली, जंगल आपलं, पाणी बी आपलं. जिंदाबाद!