कानातला बिल्ला, हातातला दाखला



निवृत्त पशुवैद्यकाला अध्यक्षपद दिलं की त्याच्याकडून दोनच अपेक्षा असतात: जुन्या आठवणी आणि आटोपशीर भाषण. दुसरी पाळायचा प्रयत्न करतो.

आपण नरपडला जमलो आहोत. इथून किनाऱ्यानं चिखले, घोलवड, बोर्डी, झाई. झाई संपली की गुजरात. ही सीमा 1960ची. त्याआधी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. राज्यं वेगळी झाली, सोयरिकी आणि गुरं मात्र जुन्याच वाटेनं चालत राहिली. तलासरीच्या एखाद्या पाड्यावर सुनेच्या माहेराहून गाभण गाय येते. ती परराज्यातलं जनावर आहे, हे सासऱ्याला सांगून बघा. तो आधी पाणी विचारील, मग हसेल.

दुसरी वाट महामार्गाची. मुंबईतले तबेले शहराबाहेर न्यावेत म्हणून दापचरीला दुग्धप्रकल्प उभारला होता. पुढे त्याच दापचरीला सीमेवरचा तपासणी नाका झाला आणि म्हशी अजूनही मुंबईतच आहेत. असो.

कायदा आपल्याला पाठ आहे. 1978च्या वाहतूक नियमांप्रमाणे जनावर प्रवासाला योग्य आहे, त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. साध्या मालट्रकात सहापेक्षा जास्त गुरं भरायची नाहीत, सोबत माणूस हवा. 2009च्या कायद्यानं रोगाची साथ असेल तिथली ये-जा रोखण्याचा अधिकार राज्याला दिला. तो आपण 2022मध्ये लंपीच्या वेळी पाहिला. गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. शिवाय 1 जून 2024पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही.

एवढं असून मला धास्ती वाटते ती 2020ची आठवण झाली की. त्या सप्टेंबरात गुजरातमध्ये काँगो ताप आढळल्यानं आपल्या पालघर जिल्ह्यात सावधगिरीचा इशारा निघाला. सगळं जग कोरोनात गुंतलेलं, त्यामुळे तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. लंपीच्या गाठी शेंबडं पोरही ओळखतं. लाळ्या खुरकुतात जनावर लंगडतं, तोंडातून लाळ गळते. काँगोचा विषाणू अंगात असलेली गाय मात्र चांगली चरते, रवंथ करते, दूध देते. तिच्या अंगावरची गोचीड चावली किंवा तिचं रक्त हाताला लागलं, की आजारी पडतो तो माणूस. म्हणजे गुराखी, खाटीक आणि आपण. 2011मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात हा रोग देशात पहिल्यांदा सापडला, तेव्हा रुग्णावर उपचार करणारेही त्यात गेले.

अशा गाईला ‘निरोगी दिसते’ म्हणून दाखला दिला तर तो खोटा नसतो, नुसता निरुपयोगी असतो. ती कशी दिसते यापेक्षा कुठून आली हे कळायला हवं. ते सांगतो कानातला बारा आकडी बिल्ला. देशभरात तो क्रमांक एकाच जनावराचा. सीमेच्या अलीकडेही तोच, पलीकडेही तोच. पण गाय विकली गेल्यावर नोंदीतला मालक बदलला नाही, तर तो आकडा तिच्या जुन्या गोठ्याचाच पत्ता सांगत बसतो. पाड्यावर असे बिल्ले मी पुष्कळ पाहिले आहेत.

नाक्यावरच्या शिपायाला दोष देऊ नका. त्याच्या हातात आपण लिहिलेला कागद असतो. तो लिहिताना आपण काय पाहिलं? मी स्वतः पावसात, छत्री धरून, ट्रकच्या फाळक्याच्या फटीतून पाच शेपट्या मोजल्या आणि सहा गुरांचा दाखला लिहिला आहे. सहावी शेपटी अंधारात असेल, असं मनाशी म्हटलं. त्या दाखल्यावर सही माझी, शिक्काही माझाच होता.

म्हणून एक ठराव मांडतो. जनावर खाली उतरवल्याशिवाय दाखला नाही. कानाच्या आत, कासेखाली, शेपटीच्या बुडाशी हात घालून गोचीड पाहायची, हातमोजे घालूनच. बिल्ल्याचा आकडा मालकानं वाचून दाखवायचा नाही, आपण वाचायचा. विक्रीची नोंद त्याच दिवशी करायची. आणि जनावर सीमेपलीकडे वलसाडकडे जाणार असेल, तर तिथल्या सहकाऱ्याला संध्याकाळच्या आत आकडे कळवायचे. तिकडून येणाऱ्यांचे त्यांनी आपल्याला कळवावेत.

माझी सही आता कोणत्याही नाक्यावर चालत नाही. ठराव मांडायला ती चालत असेल, तर घ्या. अनुमोदन मात्र अजून नोकरीत असलेल्या कुणीतरी द्यावं.