तारप्याभोवतीचा फेर
बोईसरची कारखान्यांची वसाहत मागे टाकून पूर्वेला निघालं की वारली पाडे लागतात. भात पिकलं, हवेत गारवा आला, की इथे तारपा हे वाद्य बाहेर निघतं आणि दिवाळीपर्यंत घुमतं. वाळलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. वाजवायला मात्र छाती हवी, कारण सूर तुटू द्यायचा नसतो. वादक मध्ये, भोवती कमरेला हात घालून बायका-पुरुषांचा फेर. तारप्याकडे पाठ करायची नाही. चाल बदलली की पावलंही बदलतात. हाच फेर गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पीक आणि थंडी यांचं हे नातं दूर इंग्लंडातही दिसतं. सॉमरसेटमध्ये १७ जानेवारीच्या रात्री गावकरी सफरचंदाच्या बागेत जमतात. गाणी म्हणत झाडाच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओततात, फांद्यांना भाजलेला पाव लटकवतात, बंदुकीचे बार काढतात. भुतं पळावीत म्हणून! तारीख जुन्या कालगणनेची. तिथल्या सरकारने १७५२ मध्ये दिनदर्शिकेतून अकरा दिवस गाळले; काही बागांनी ते अजून मनावर घेतलेलं नाही.